माजी ड्रमर मामा, त्यांचा गोल गॉगल आणि डोळ्यांतला नाखुना : काच बदलावी की फ्रेम?

देवबागचा भाचा

नमस्कार. हा प्रश्न माझ्या मामांविषयी आहे. तरुणपणी ते मुंबईतल्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत असत. महाविद्यालयांचे महोत्सव, धोबी तलावाचे रंगभवन, हॉटेलांमधले कार्यक्रम असे पुष्कळ वाजवून झाल्यावर बँडमधली मंडळी आपापल्या नोकरीधंद्याला लागली, आणि आजोबांच्या पश्चात घर आणि माड सांभाळायला कोणी उरले नाही म्हणून मामा देवबागला कायमचे राहायला आले. आता आम्ही दोघे मिळून घराला लागूनच पर्यटकांसाठी काही खोल्या चालवतो, आणि हंगामात मामा पाहुण्यांना घेऊन होडीतून कर्ली नदीच्या मुखापर्यंत जातात.

मंचावर असल्यापासून मामा गॉगल वापरत आले आहेत. तेव्हाचे सगळेच गॉगल त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले आहेत. त्यांत रुंद पांढऱ्या काड्यांचा एक आहे, आरशासारख्या काचांचा एक आहे. मात्र रोजच्या वापरात असतो तो सोनेरी तारेच्या बारीक फ्रेमचा, छोट्या गोल काचांचा, जांभळट रंगाचा गॉगल. त्याच्या डाव्या काचेवर खालच्या बाजूला एक आडवा ओरखडा आहे, जो वाजवताना मोडलेल्या काठीचा कपचा उडून पडला असे मामा सांगतात. उजव्या बिजागरीचा मूळ स्क्रू कधीच गेला असून तिथे घड्याळजींकडून दुसरा बसवून घेतलेला आहे, आणि नाकावर टेकणाऱ्या भागाजवळ तारेवर हिरवट थर धरतो तो मामा दर आठवड्याला दात घासायच्या जुन्या ब्रशने काढतात. देवबागेत आणि मालवणच्या बाजारात त्यांना नावाने ओळखणारे थोडे आहेत, पण गॉगलवाले मामा म्हटले की रिक्षावालाही घर दाखवतो.

गेल्या काही महिन्यांपासून मामांचे डोळे दुपारनंतर लाल होतात, चुरचुरतात, आणि नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकणारा गुलाबी, त्रिकोणी पापुद्रा दोन्ही डोळ्यांत दिसू लागला आहे. डाव्या डोळ्यात तो अधिक आहे. डॉक्टरांनी तपासून नाखुना असल्याचे सांगितले, घाबरण्यासारखे आज काही नाही असेही सांगितले, आणि उन्हात गॉगल वापरण्याचा सल्ला दिला. त्यावर मामांचे म्हणणे असे की मी जन्मभर दुसरे काय केले? हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या माणसाने उन्हात गॉगलशिवाय पाऊल टाकले नाही, त्याला हा विकार नेमका कसा झाला?

दुसरे असे की नवा गॉगल घेण्याचा विषय काढला की मामा एकच वाक्य बोलतात : "ह्यो चष्मो काढलंय तर माका कोण वळखतलो?" त्यांच्या या भावनेला मला धक्का लावायचा नाही. याच फ्रेममध्ये डोळ्यांचे खरोखर रक्षण करणारी काच बसवता येईल का, आणि दुकानदार ज्या पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या, काचेचा एवढा आग्रह धरतात ती या कामासाठी आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

भिंगकाम

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातच चष्म्यांचे काम करतो आणि समुद्रावर पोट असलेले पुष्कळ लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे आपल्या मामांचा प्रश्न मला फार ओळखीचा आहे.

काचेचा गडदपणा आणि अतिनील किरण अडवण्याची तिची क्षमता या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. गडद रंग आपल्याला दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे ते आत येत आहेत की अडले आहेत हे काच डोळ्यांवर चढवून कुणालाही कळणार नाही. वातावरण भेदून आपल्यापर्यंत पोहोचणारे हे किरण साधारण २८० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात, आणि काचेवर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती अडवते असा होतो. पूर्णपणे पारदर्शक, रंगहीन पॉलिकार्बोनेटची (एक प्रकारच्या टणक प्लास्टिकची) काच हे काम उत्तम करते, आणि उलटपक्षी एखादी काळीकुट्ट काच ते अजिबात करत नाही असेही घडते. काळी काच लावल्यावर प्रकाश कमी झाल्याने डोळ्याची बाहुली विस्फारते, आणि काचेत अतिनील किरण अडवण्याची सोय नसेल तर ते विस्फारलेल्या बाहुलीतून अधिकच आत जातात. म्हणून तसला गॉगल न लावलेला परवडतो, असे मी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो.

मामांचा गॉगल मंचासाठी घेतलेला आहे. तशा फॅशनच्या गॉगलांत पुष्कळदा रंग दिलेले साधे प्लास्टिक असते, तर काहींत खनिज काच असते. साधी काच अतिनील-ब किरण बऱ्याच अंशी अडवते, परंतु ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील-अ किरणांतला मोठा भाग तिच्यातून निघून जातो. मामांच्या काचा नेमक्या कशाच्या आहेत हे अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही. आज बहुतेक बऱ्या दुकानांत अतिनील किरण मोजण्याचे छोटे यंत्र असते. काच त्यावर धरली की किती टक्के किरण पार होतात ते लगेच कळते. त्यासाठी पैसे घेण्याचीही रीत नाही, तेव्हा आधी एवढे करून घ्या.

मात्र मामांच्या बाबतीत खरे कारण काचेइतकेच, किंबहुना काचेपेक्षा अधिक, त्या गॉगलच्या आकारात आहे. छोट्या गोल काचा समोरून बुबुळ झाकतात आणि बाजू सताड उघड्या ठेवतात. होडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत समोरून जेवढा उजेड येतो त्याच्या जोडीला पाण्यावरून, फेसावरून आणि वाळूवरून उसळलेला उजेड खालून आणि कानशिलांकडून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. एवढे किरण फ्रेमच्या बाहेरून सरळ डोळ्यापर्यंत पोहोचत असतील तर मध्ये कितीही महागडी काच बसवली तरी तिचा उपयोग अर्धाच होणार.

फ्रेमबद्दल सांगायचे तर तारेच्या गोल फ्रेममध्ये नवी काच बसवणे हे अवघड काम नाही. काचेच्या कड्याला बाहेरच्या बाजूस एक बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की कडे उघडते, जुनी काच निघते आणि तिच्याच मापाने घासलेली नवी काच तिथे बसते. मामांच्या फ्रेमवर येणारा हिरवा थर म्हणजे आतल्या तांबेमिश्रित धातूला चढलेला कळंक आहे. सोनेरी मुलामा घाम आणि खारा वारा यांनी झिजला की आतला धातू उघडा पडतो. ब्रशने घासल्याने उरलासुरला मुलामाही निघून जाईल, म्हणून ते कृपया थांबवा. रोज संध्याकाळी नळाच्या गोड्या पाण्याखाली फ्रेम धुऊन मऊ सुती कापडाने टिपणे पुरेसे आहे. नाकावरच्या गाद्या सिलिकॉनच्या नव्या बसवून घ्या.

---

नेत्रवैद्य रत्नागिरी

वर काचांविषयी आलेली माहिती योग्य आहे. मी वैद्यकीय बाजू मांडतो. रुग्णाला मी तपासलेले नाही, तेव्हा उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील.

नाखुना म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाची झालेली वाढ, जी हळूहळू पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर सरकते. उष्ण कटिबंधात आणि उघड्यावर काम करणाऱ्या माणसांत तो अधिक आढळतो, आणि अतिनील किरण हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते; वारा, धूळ आणि डोळ्यांचा कोरडेपणा त्यात भर घालतात. कोकणात मच्छीमार, होडीवाले, आंबा-काजूच्या बागेत राबणारे यांच्या डोळ्यांत तो आम्हाला सतत दिसतो.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे पापुद्रा नाकाच्या बाजूने आला आहे. बहुतेक रुग्णांत तो त्याच बाजूने येतो, आणि तसे का होते याचा एक पटण्याजोगा खुलासा ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनेओ यांनी १९९० च्या दशकात मांडला. पारपटल बाहेरून गोलाकार असते आणि भिंगासारखे वागते. कानशिलाच्या बाजूने तिरका येणारा प्रकाश त्यातून वळतो आणि नेमका नाकाकडच्या कडेवर एकवटतो. त्या कडेवर पारपटलाला नव्या पेशी पुरवणारा पट्टा असतो, आणि वर्षानुवर्षे तिथे एकाच जागी केंद्रित झालेले किरण त्या पेशींना इजा करतात. म्हणजे समोरून काच आणि बाजूने मोकळीक अशी तुमच्या मामांच्या गॉगलची रचना ज्या दिशेचा प्रकाश आत सोडते, तीच दिशा या विकाराला जबाबदार आहे. 'मी जन्मभर गॉगल लावला, मग मला हे कसे झाले' या त्यांच्या रास्त प्रश्नाचे उत्तर यात आहे, आणि ते त्यांना शांतपणे, आरशासमोर उभे करून समजावून सांगावे. गॉगल घातलेला असताना कानशिलाच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकला तर तो डोळ्यावर कसा पडतो हे त्यांना स्वतःलाच दिसेल.

आपल्याकडचे ऊन किती प्रखर आहे याची कल्पना शून्य सावलीच्या दिवसावरून यावी. मालवणच्या अक्षांशावर मे महिन्याच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि पर्यटनाचा हंगामही तेव्हाच ऐन भरात असतो. पावसाळ्यात आभाळ भरून आले म्हणून किरण थांबतात असेही नाही. पातळ ढगांतून त्यांतला मोठा भाग खाली येतोच. त्यामुळे ढगाळ दुपारीही डोळ्यांचे रक्षण चालू ठेवले पाहिजे. रुंद काठाची टोपी हा उपाय लोकांना फार साधा वाटतो आणि म्हणून ते तो करत नाहीत, पण डोळ्यांवर वरून पडणाऱ्या किरणांचा निम्म्याच्या आसपास भाग चांगली टोपी एकटीच अडवते. पुढे झाप असलेली क्रिकेटची टोपी कानशिले उघडी ठेवते. चौफेर काठाची हवी.

आता एक गोष्ट काळजीने सांगतो. लाली आणि चुरचूर यांसाठी औषधांच्या दुकानातून परस्पर थेंब आणून घालण्याची आपल्याकडे मोठी सवय आहे. त्यांतल्या काहींमध्ये स्टिरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत पळते, म्हणून ती बाटली घरात वर्षभर वापरात राहते, आणि त्यातून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो किंवा मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. मामांच्या कपाटात अशी बाटली असेल तर ती आजच डॉक्टरांना दाखवा. ओलावा टिकवणारे साधे थेंब डॉक्टर लिहून देतील, ते वापरावेत.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. पापुद्रा बाहुलीच्या समोर येऊ लागला, पारपटलाला ओढ बसून चष्म्याचा तिरपा नंबर वाढू लागला, किंवा दाह सतत राहू लागला तर ती करतात. नुसता पापुद्रा काढून टाकला तर तो पुन्हा उगवण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून त्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातले निरोगी आवरण घेऊन बसवतात. त्याने पुन्हा येण्याची शक्यता खूप कमी होते. शस्त्रक्रियेनंतरही उन्हापासून रक्षण तसेच ठेवावे लागते, त्यामुळे गॉगलचा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागणार आहे. आजच्या स्थितीत डोळ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ठरलेल्या मुदतीने तपासणी करून वाढ होते आहे का ते पाहावे.

---

मंचामागे

मी अनेक वर्षे मुंबईत मंचावरच्या ध्वनी आणि प्रकाशाच्या यंत्रणेत काम केले आहे आणि आता गुहागरला राहतो. मामांना त्या गॉगलचा एवढा लळा का आहे, याविषयी लिहावेसे वाटते, कारण ते समजून न घेता त्यांच्या नाकावरचा गॉगल बदलायला गेलात तर काम होणार नाही.

त्या काळात रॉकच्या कार्यक्रमांना पार-६४ नावाचे दिवे रांगेने टांगलेले असत. एकेक दिवा हजार वॅटचा. गायक आणि गिटारवाले पुढे-मागे होऊ शकतात, दिव्याच्या झोतातून बाजूला सरकू शकतात. ड्रमर मात्र मागच्या चौथऱ्यावर एका जागी जखडलेला असतो आणि त्याच्यावर मागून, वरून, बाजूंनी उजेड मारलेला असतो. समोर झांजा. दिव्याचा झोत झांजेवर पडला आणि झांज हलली की तो झगझगीत पट्टा थेट डोळ्यांत येतो, तोही तालाच्या नेमक्या जागी. त्यामुळे काळी काच ही पुष्कळ ड्रमरांची खरोखरीची गरज होती, आणि घामाने ती नाकावरून घसरू नये म्हणून कोणी दांड्यांना दोरी बांधत, कोणी कानामागे रबर लावत. मामांच्या तारेच्या फ्रेमच्या दांड्या कानामागे पूर्ण वळलेल्या असतील तर ती निवडही बहुधा त्याच कारणाने झाली असावी, कारण डोके हलवून वाजवताना तशा दांड्यांचा गॉगल निसटत नाही.

त्याच्या जोडीला रूपाचाही भाग आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. मागे बसणाऱ्या वादकाकडे प्रेक्षकांचे लक्ष मुळात कमी जाते. जगातला सर्वांत प्रसिद्ध ड्रमर म्हणावा असा बीटल्सचा रिंगो स्टार घ्या. १९४० साली जन्मलेला, १९६२ मध्ये त्या बँडमध्ये आलेला हा वादक गेली कित्येक वर्षे काळ्या चष्म्याशिवाय क्वचितच लोकांसमोर येतो, आणि नुसती त्याच्या चष्म्याची आणि दाढीची रेखाकृती काढली तरी लोक त्याला ओळखतात. चेहऱ्यावरची एक ठळक वस्तू माणसाला गर्दीतून वेगळा काढते. मामांनी आपल्या तरुणपणी जी वस्तू निवडली ती त्यांच्यासोबत मुंबईहून देवबागला आली, आणि बँड फुटल्यावरही त्यांचे ते रूप टिकून राहिले. ढोल-ताशे, मृदंग, पखवाज यांच्या मुलखात इंग्रजी ड्रम वाजवणारा माणूस म्हणून गावाने त्यांना स्वीकारले तेही त्या रूपासकट.

म्हणून माझी सूचना अशी आहे की गोल आकार सोडायचाच नाही. हिमनद्यांवर चढणारे गिर्यारोहक जे गॉगल वापरत आले आहेत, ते पुष्कळदा गोलच असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना कानशिलाकडची फट बंद करणारे चामड्याचे छोटे पडदे बसवलेले असतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, तिथे नुसती समोरची काच पुरत नाही, म्हणून ही रचना झाली. आणि ते दिसतातही फार देखणे. फॅशनच्या जगाने ते केव्हाच उचलले आहेत. एव्हिएटर गॉगलही १९३७ च्या सुमारास वैमानिकांसाठी निघाला आणि मग साऱ्या जगाच्या नाकावर बसला, त्यातलाच हा प्रकार. मामांना असा गोल, बाजू झाकलेला गॉगल दाखवा. एखाद्या जुन्या ड्रमरला तो आवडणार नाही असे मला वाटत नाही.

---

रापणकर

मी मालवणचा. वडिलांच्या वेळेपासून आमची होडी आहे. पोलराइज्ड काचेविषयी अनुभवाने सांगतो.

पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून जो चकचकाट येतो त्यातल्या प्रकाशाची कंपने बरीचशी आडव्या दिशेत असतात, आणि पोलराइज्ड काच नेमकी तीच अडवते. त्यामुळे चकाकी विरघळते आणि पाण्याच्या आतले दिसू लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली खडक आहेत. ओहोटीच्या वेळी सकाळी साध्या काचेतून जिथे नुसता रुपेरी पत्रा दिसतो तिथे पोलराइज्ड काचेतून खडकाची काळी पाठ स्पष्ट दिसते. होडी हाकणाऱ्याला याचा मोठा आधार आहे, आणि दिवसभर डोळे बारीक करून बसावे लागत नसल्याने संध्याकाळी डोके दुखत नाही. मामा होडीवर जात असतील तर त्यांनी ती जरूर घ्यावी.

परंतु पोलराइज्ड आहे म्हणजे अतिनील किरण अडतातच, असे धरून चालू नये. बाजारात, धक्क्यावर, जत्रेत पोलराइज्ड म्हणून स्वस्तात जे गॉगल मिळतात त्यांत दोहोंपैकी एकही गुण असेल याची खात्री नसते. काच खरोखर पोलराइज्ड आहे का हे तपासणे सोपे आहे : ती पाण्याच्या चकाकीसमोर धरून हळूहळू उभ्याची आडवी करावी, चकाकी कमी-जास्त होत गेली तर काच खरी. अतिनील किरणांची तपासणी मात्र वर सांगितलेल्या यंत्रावरच होते.

एक अडचणही सांगून ठेवतो. मोबाइलचा किंवा जीपीएसचा पडदा या काचेतून काही कोनांत काळा दिसतो, त्यामुळे पहिले काही दिवस माणूस गोंधळतो. मोबाइल थोडा फिरवून धरला की दिसते. आणि गॉगलला गळ्यात अडकवायची दोरी अवश्य लावा. कर्लीच्या मुखाशी ओढ फार आहे. तिथे पडलेली वस्तू मिळाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

---

देवबागचा भाचा

सर्वांचे मनापासून आभार. नेत्रवैद्यांनी सुचवल्याप्रमाणे मामांना आरशासमोर बसवून कानशिलाकडून बॅटरीचा उजेड टाकला. गॉगल डोळ्यांवर असूनही डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, बरोबर पापुद्र्याच्या जागी, उजेडाचा एक ठिपका चमकताना दिसला. मामा बराच वेळ बॅटरी स्वतःच्या हाताने मागे-पुढे करून पाहत होते. "इतकी वर्सा ह्या माका कोणी दाखवूकच नाय," एवढेच ते म्हणाले, आणि त्यानंतर नव्या गॉगलचा विषय त्यांनी स्वतःहून काढला.

मालवणच्या दुकानात यंत्रावर काचा तपासल्या. जांभळ्या काचांतून अतिनील-अ किरण बऱ्यापैकी पार होतात, असे दिसले. डब्यातल्या इतर गॉगलांपैकी आरशासारख्या काचांचा गॉगल मात्र तपासणीत चांगला ठरला, याचे आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटले. कपाटातल्या थेंबांची बाटलीही डॉक्टरांना दाखवली आणि ती बंद झाली आहे. टोपीविषयी मामांचा विरोध नाही; होडीवर ते चौफेर काठाची टोपी घालू लागले आहेत.

गिर्यारोहकांच्या गोल गॉगलची छायाचित्रे त्यांना फार आवडली. परंतु विकत घेण्याऐवजी आपल्याच जुन्या फ्रेमला चामड्याचे पडदे शिवून घ्यावेत असे त्यांच्या मनात आहे. बाजारपेठेतल्या चांभारांनी तसे करून देण्याची तयारीही दाखवली आहे. भिंगकाम यांना विचारतो : खाऱ्या हवेत चामडे टिकेल का? आणि याच फ्रेममध्ये पोलराइज्ड काच बसवायची तर ती किती गडद असावी, कारण मामा तोच गॉगल लावून संध्याकाळी स्कूटरवरून मालवणला जातात.

---

भिंगकाम

चामडे टिकेल, पण ओले राहू देऊ नये. मिठाने ते कडक होऊन तडकते. होडीवरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे आणि अधूनमधून चामड्याचे मेण लावावे. पडदे फ्रेमला कायमचे न शिवता दांडीवर सरकवता येतील अशा पट्टीचे करून घ्या. कारण स्कूटरवर ते काढणे आवश्यक आहे : बाजूने येणारे वाहन त्यांच्यामुळे दिसत नाही. पडद्याच्या वरच्या कडेला दोन बारीक भोके ठेवायला चांभारांना सांगा, नाहीतर दमट हवेत काचेवर आतून वाफ धरेल.

गडदपणाच्या शून्य ते चार अशा श्रेणी आहेत. होडीसाठी तिसरी श्रेणी घ्या. तिच्यातून दिसणाऱ्या प्रकाशापैकी ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो आणि किनाऱ्यावरच्या दुपारला तो योग्य आहे. चौथ्या श्रेणीची काच घेऊ नका. ती ३ ते ८ टक्केच प्रकाश सोडते आणि ती लावून वाहन चालवणे धोक्याचे आहे. रंग राखाडी किंवा तपकिरी असावा. राखाडीत रंग जसेच्या तसे दिसतात, तर तपकिरीत पाण्यातला उठाव थोडा अधिक कळतो. मामांना जांभळ्या छटेची ओढ असेल तर राखाडी काचेवर बाहेरून जांभळट झाक देणारा आरशाचा थर मिळतो. त्याने रक्षणात काही कमी होत नाही आणि लांबून पाहणाऱ्याला गॉगल पूर्वीसारखाच दिसेल.

सूर्यास्तानंतर स्कूटरवर तिसऱ्या श्रेणीची काचसुद्धा चालणार नाही. साठीच्या आसपास डोळ्यांच्या आतपर्यंत तरुणपणाच्या मानाने बराच कमी प्रकाश पोहोचतो, आणि त्यावर काळी काच म्हणजे रस्त्यावरचा माणूस उशिरा दिसणार. संध्याकाळसाठी तशाच गोल तारेच्या दुसऱ्या फ्रेममध्ये रंगहीन पॉलिकार्बोनेटची काच बसवून घ्यावी. वारा आणि चिलटे यांपासूनही डोळे वाचतील आणि मामांचा चेहरा मामांचाच राहील.

ओरखडा पडलेली जुनी डावी काच टाकून देऊ नका, नव्या काचा त्याच मापाने घासायच्या आहेत. कडे उघडताना गंजलेला स्क्रू तुटण्याचा संभव आहे, म्हणून फ्रेम कुरिअरने कुणाकडे न पाठवता मामांनाच सोबत घेऊन दुकानात जा. पडदे कानशिलाला किती टेकतात, दांड्या कानामागे किती वळवायच्या आणि काचा गालांपासून किती अंतरावर बसतात हे त्यांच्या चेहऱ्यावरच पाहून ठरवावे लागेल.